आधी उतार, मग चढ : मराठवाड्यातल्या दऱ्यांत एका दिवसाची वाट कशी निवडावी

सह्याद्रीत चार किल्ले करून आलेला माणूस मराठवाड्यात हमखास एका ठिकाणी फसतो. तिकडं गाडी पायथ्याला लागते, घाम गाळत वर जायचं आणि येताना उतार. कितीही दमलात तरी पाय आपोआप खाली येतात. आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी गाडी लागते ती पठारावर. समोर सपाट माळ, तुरीची नाहीतर कपाशीची रानं, आणि चालता चालता जमीन एकदम तुटते. खाली घळ, तळाशी ओढा, पलीकडं काळा कडा. सकाळच्या गार हवेत हसतखिदळत उतरायचं आणि दुपारी एकला, बाटली तळाला गेलेली असताना, सगळा चढ चढायचा.

माझी पहिली फजिती पितळखोऱ्यात झाली. मार्चचा शेवट, मी आणि मावसभाऊ, दोघांत मिळून दोन लिटर पाणी. पायऱ्या उतरून लेणी पाहिली. जोत्यावर ओळीनं कोरलेले हत्ती, दाराशी उभे द्वारपाल. इथंच सापडलेली यक्षाची एक मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, कण्हदास नावाच्या सोनारानं ती घडवल्याचं तिच्यावरच कोरलंय. हे सगळं मावसभावाला सांगण्याच्या नादात आम्ही ओढ्याच्या कोरड्या पात्रातून आणखी तासभर खाली गेलो. परतताना एक वाजला होता. आधाराला खडकावर हात टेकला आणि तव्याला लागल्यासारखा मागं घेतला. मावसभाऊ एरवी गप्प न बसणारा, तो बोलेनासा झाला. वर कपारीच्या सावलीत एक म्हातारे गुराखी बसले होते, शेजारी ओलं पोतं गुंडाळलेला कॅन.

"मामा, घोटभर पाणी मिळंल का?"

"बसा आधी. घटाघटा पिऊ नगा, घोटघोट घ्या." आम्ही पीत असताना ते दरीकडं बघत म्हणाले, "खाली काय, कुणी बी उतरतंय."

तेव्हापासून वाट निवडताना मी पहिला हिशेब परतीचा करतो. पुढचं सगळं त्याच हिशेबावर बेतलेलं आहे.

अंतर नको, खोली बघा

"किती किलोमीटर आहे?" हा नवख्यांचा पहिला प्रश्न. आमच्या दऱ्यांत तो जवळपास निरुपयोगी आहे. पठारावरचे सहा किलोमीटर हिवाळ्यात दीड-दोन तासांचं काम. घळीतले दोन किलोमीटर अर्धा दिवस खातात. म्हणून फोनवरच्या नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दिसतील असं बघा, आणि दोन आकडे काढा : गाडी लावता ती उंची आणि वाटेवरची सगळ्यात खोल जागा. दोन्हींतला फरक हीच तुमची परतीची चढण.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना हा फरक दीडशे मीटरच्या आत ठेवा. सवय झाल्यावर तीनशे. माझा अंदाज साधा आहे : पठारावर तासाला तीन किलोमीटर, आणि चढाच्या प्रत्येक तीनशे मीटरना वेगळा एक तास. सोबत लहान मूल किंवा गुडघे धरणारे काका असतील तर आणखी निम्मा वेळ वाढवा. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्येही असंच वरून खाली उतरायचं असतं, आणि तिथले वनरक्षक लोकांना सांगतात की उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. ती दरी दीड किलोमीटरपेक्षा खोल, आपल्या घळी तिच्यापुढं पोरं. पण हिशेब तोच.

चढ पायऱ्यापायऱ्यांचा असतो, हेही ध्यानात घ्या. आपला सगळा डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार किंवा सपाटी. म्हणून खालून बघताना "हा कडा चढलो की संपलं" असं वाटतं, आणि वर गेल्यावर पुढचा कडा दिसतो. दोन थरांच्या सांध्यात मधूनमधून विटकरी लाल मातीचा पट्टा असतो. तो भुसभुशीत, पाय सरकतो. पाणीही बऱ्याचदा अशा सांध्यांतूनच झिरपतं.

महिना ठरला की निम्मं ठरलं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा हंगाम. ओढ्यांत थोडं पाणी, गवत सोनेरी, हवा कोरडी. एकच अडचण : दिवस लहान. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, आणि घळीत अंधार त्याच्याही बराच आधी उतरतो.

पावसाळ्यात सगळे धबधब्याच्या मागं असतात. जा, पण त्याचे नियम वेगळे, ते खाली सांगतो. सप्टेंबर मला जास्त आवडतो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाची सुटी असते, डोंगर हिरवा असतो आणि पाऊस बहुधा दुपारनंतर येतो. पठारावरची काळी माती मात्र तेव्हा बुटाला अशी चिकटते की एकेक पाय किलोभर जड होतो.

ऑक्टोबर फसवा. हिरवळ पाहून माणूस निघतो आणि ऊन भाजून काढतं. गवत कमरेइतकं, त्यातल्या कुसळांनी मोजे भरतात. एकदा कुसळं भरलेले मोजे घरी आणले तर आईनं ते धुवायला घेतलेच नाहीत, उंबऱ्याबाहेर ठेवले. बालाघाटाच्या उतारांवर या दिवसांत सीताफळं पिकतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा चव घ्याच, पण बांधावरचं झाड कुणाचं तरी असतं, विचारून घ्या.

मार्चनंतर नवख्यानं दरीत उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशावर जंगल हिरवं दिसतं; प्रत्यक्षात सागानं पानं टाकलेली असतात, सालई, धावडा उघडे. पळस आणि काटेसावर फुललेले असतात, पण फुलांची सावली पडत नाही. वणव्यांचेही हेच दिवस. जायचंच असेल तर पहाटे सहाला चालायला लागा आणि दहाला पठारावर परत या.

पाणी आणि सावली

हिवाळ्यात माणशी तीन लिटर, ऊन असेल तेव्हा चार. जड होतं, मान्य. पण हे वजन जाताना उतारावर वाहायचं असतं, त्यामुळं तक्रारीला जागा नाही. एक तृतीयांश पाणी संपलं की, कुठंही असा, मागं फिरा. निम्मं संपेपर्यंत थांबण्याचा नियम सपाटीवर ठीक. इथं परतीला जास्त पाणी लागतं. नुसत्या पाण्यानं भागत नाही, घामातून मीठ जातं. लिंबू-मीठ-साखर घातलेली एक बाटली किंवा ओआरएसची दोन पाकिटं ठेवा.

वाटेत पाणी मिळेल का याचा एक जुना ठोकताळा आहे : दरीत महादेव असेल तर जवळपास पाणी असतं. येडशीचा रामलिंग, सौताड्याचा रामेश्वर, सोयगावकडचं रुद्रेश्वर, सगळे असेच झऱ्या-धबधब्यांच्या कुशीत. पण कुंडात पाणी असणं आणि ते पिण्याजोगं असणं यांत फरक आहे, आणि होळीनंतर बरीच कुंडं नुसती शेवाळाची वाटी उरतात. त्या भरवशावर घरून कमी पाणी घेऊन निघू नका.

सावलीचाही हिशेब करता येतो. दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडं कलतो, म्हणजे दरीच्या पश्चिमेकडच्या कड्याला लगटून चढणारी वाट सावलीत येते आणि पूर्वेकडच्या कड्यावरची उन्हात तापते. परतीची वाट कुठल्या अंगानं चढते हे आधी नकाशात बघा. एवढ्या एका गोष्टीनं दिवस सुखाचा होतो किंवा सासुरवास होतो.

उन्हाचा त्रास ओळखायला शिका. डोकं ठणकणं, मळमळ, विनाकारण चिडणं, तोल जाणं, आणि सोबत्याचं असंबद्ध बोलणं. तिथंच सावलीत बसवा, उपरणं ओलं करून मानेवर-काखेत ठेवा, वारा घाला. बोलणं भरकटलं असेल तर वाट बघू नका, १०८ लावा. फोन घळीत लागत नाही, म्हणून एकानं वर पळायचं आणि एकानं सोबत थांबायचं. यासाठीच किमान तिघं तरी असावेत.

ओढ्याचं पात्र ही वाट नव्हे

कोरडं पात्र चालायला सोपं वाटतं : काटे नाहीत, वाट चुकत नाही. जून ते ऑक्टोबर त्यात उतरायचं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर, चार गावं पलीकडं, ढग फुटलेला असू शकतो. खडकात पाणी मुरत नाही, सगळं घळीत येतं आणि लोंढा होतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून आल्या, किंवा वरच्या अंगानं घरघर ऐकू आली, की सामान गोळा करत बसू नका. जवळच्या उंच जागी चढा, आणि ती शक्यतो गाडी आहे त्याच काठाला असू द्या, नाहीतर रात्र पलीकडं काढावी लागेल.

धबधब्याच्या थेट खाली उभं राहून फोटो काढायचा मोह आवरा. पाण्याबरोबर दगडही येतात.

आता ठिकाणं

अगदीच नवे असाल तर पहिली फेरी देवगिरीवर करा. ही दरी नाही, किल्ला आहे, आणि इथं चढ आधी येतो. पण सुमारे दोनशे मीटर उंचीचा हा सुळका म्हणजे उत्तम परीक्षा. पायऱ्या, अंधारी (खडकातला काळोखा बोगदा), मग पुन्हा पायऱ्या. ११८७ च्या सुमारास भिल्लम यादवानं वसवलेली ही राजधानी. खंदक आणि तासलेला कडा बघितला की वर जाणं इतकं अवघड का ठेवलं ते कळतं. दम कुठं लागतो, किती पाणी संपतं, गुडघा काय म्हणतो, हे वहीत लिहून ठेवा. अंधारीत वटवाघळं असतात, टॉर्च हवी.

दुसरी फेरी अजिंठा, पण नेहमीच्या पद्धतीनं नको. लेणी ज्या घोड्याच्या नालेसारख्या दरीत आहेत ती वाघोरा नदीनं कोरलेली. फर्दापूरच्या फाट्यावरून बसनं लेण्यांपर्यंत जा, लेणी बघा, मग पूल ओलांडून समोरच्या डोंगरावर व्ह्यू पॉइंटला चढा. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती या समोरच्या बाजूनं. वरून सगळी दरी एका नजरेत येते, डोंगराला थर कसे आहेत ते दिसतं, आणि पावसाळ्यात सातकुंडाचं पाणी टप्प्याटप्प्यानं पडताना दिसतं. चढ सकाळी उरकायचा असेल तर क्रम उलटा करा : आधी डोंगर, मग लेण्यांच्या गारव्यात दुपार. सोमवारी लेणी बंद असतात. (वेरूळ मंगळवारी. यात दर आठवड्याला कुणीतरी फसतंच.)

तिसरी पायरी पितळखोरा. इसवी सनापूर्वीची लेणी, चांगल्या पायऱ्या, खोली बेताची, आणि 'आधी उतार' म्हणजे काय ते इथं नीट समजतं. पायऱ्या संपतात तिथं थांबा. माझ्यासारखे पात्रात उतरू नका.

त्याच रांगेत गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, २६० चौरस किलोमीटरचं. कन्नडकडून आत गेलात की नाक्यावर नोंद करावी लागते. सीता न्हाणी, केदारकुंड ही नावं तुम्ही ऐकाल. इथं वाटा फुटतात, बिबट्याचा वावर आहे, त्यामुळं पहिल्या वेळी वनखात्याच्या नाक्यावर विचारून गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला रोजगार द्या. फुकट वाट दाखवणाऱ्याला चहा पाजून कटवणं बरं नाही.

थोडं सरावलात की अंतूर. नागापूर गावाकडून पठारावरूनच चालत जाता येतं, वाट लांब पण फार चढ-उताराची नाही, आणि शेवटी किल्ल्याचे दरवाजे एकापाठोपाठ एक समोर येतात. सावली फार नाही, म्हणून हा थंडीतच. त्यानंतर जंजाळा गावाजवळची घटोत्कच लेणी. गाव पठारावर, लेणी दरीत. वाकाटकांच्या काळातली, वराहदेव या मंत्र्याच्या लेखाची. या वराहदेवानंच अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. अजिंठ्याला माणसांची रांग, इथं तुम्ही आणि वटवाघळं. हळदाघाटातला वेताळवाडी किल्ला त्याच भागात आहे. तटबंदी इतकी शाबूत की अजून लोकांना हा किल्ला माहीत नाही याचं नवल वाटतं. पण दोन्ही एकाच दिवसात करायला जाऊ नका. गाडीनं जमेल, पायांना जमणार नाही.

दक्षिणेकडच्या मंडळींनी एवढ्या लांब यायची गरज नाही. बीड जिल्ह्यात सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली पडते आणि पायऱ्या उतरून रामेश्वराला जाता येतं. अर्ध्या दिवसाचं, नवख्यांसाठी नेमकं. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार मन्मथस्वामींच्या समाधीचं ठिकाण, कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत मात्र चालायला जागा नसते. धाराशिव जिल्ह्यात येडशीचं रामलिंग : उतरायला पायऱ्या, दाट झाडी, आणि पिशवीतलं काहीही सोडणार नाहीत अशी माकडं. लातूरकरांना देवर्जनचा हत्तीबेट जवळचा आहे.

म्हैसमाळचं विचाराल तर उंची १,०६७ मीटर, हवा छान, भजी छान. गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळं तिला भटकंती म्हणायला मी तयार नाही.

वाट कशी विचारावी

"किती लांब आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, "हे काय, हाकेच्या अंतरावर." गुराख्याची हाक आणि तुमची हाक यांत फरक आहे. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. तुम्हाला जायला किती वेळ लागतो? (त्याच्या दुप्पट तुमचा.) या वाटेनं गुरं जातात का? आणि आता खाली पाणी आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "न्हाई, शेरडं जातात" असं आलं तर समजा, तुमच्यासाठी ती वाट नाही. म्हैस जिथून जाते तिथून माणूस जातो. शेळी जिथून जाते तिथून शेळीच जाते.

सामान, थोडक्यात

वापरात मुरलेले बूट, नवे नकोत. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, टोपी आणि एक मोठं सुती उपरणं. टॉर्च, शिट्टी, चिकटपट्टी, काटे काढायला चिमटा. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारपर्यंत काही होत नाही त्यांना, सोबत गूळ. दही नेऊ नका, ते पिशवीतच फुटतं. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

कड्यांना आग्या मोहोळं असतात, अजिंठ्यापासून पितळखोऱ्यापर्यंत सगळीकडं. अत्तर फासून जाऊ नका, खाली धूर करू नका, आरडाओरडा नको. माशा उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड उपरण्यानं झाकून झपाझप लांब निघा. दगडाखाली हात घालायचा नाही, फुरसं तिथंच बसतं. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही. पाय हलू न देता उचलून वर आणायचं आणि थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

आदल्या रात्री आणि त्या दिवशी

आदल्या रात्री घरातल्या एकाला कागदावर लिहून द्या : कुठं उतरणार, गाडी कुठं लावणार, किती वाजता वर येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. एसटीनं जात असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ जाताना वाहकालाच विचारा, स्टँडवरच्या फलकावर विसंबू नका.

सकाळी सातला चालायला सुरुवात. उतरण्याआधी काठावर दहा मिनिटं बसा आणि परत वर येणारी वाट डोळ्यांनी शोधा. खालून बघताना सगळे कडे सारखेच दिसतात. एखादी खूण धरा, वाकडं उंबराचं झाड, कड्यावरचा पांढरा ओघळ, काहीही. फिरायची वेळ तिथंच बसून ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा. थंडीत साडेअकरा ही माझी वेळ. अकरा वाजून तीस मिनिटांनी आम्ही जिथं असू तिथं धपाट्यांची पुरचुंडी सोडतो, खातो आणि वर तोंड करतो, पुढच्या वळणावर काय आहे ते न बघता. मावसभाऊ अजून दर वेळी विचारतो, "दादा, एवढं एकच वळण?" आणि मी दर वेळी त्याच्या हातात पाण्याची बाटली देतो, किती उरलंय ते बघायला.